रडलं का, हे विचारणारी विमल सिस्टर

हे लिहू नकोस, असं मला दोघांनी सांगितलं. एकाने काळजीपोटी, दुसऱ्याने केबिनचं दार लावून घेऊन. दोघांचंही ऐकून घेतलं आणि घरी येऊन लिहायला बसलो. आजवर सांगितलं तेवढंच लिहीत आलो. एकदा न सांगितलेलं लिहून बघतो.

विमल सिस्टरचं आडनाव लिहिणार नाही, त्यांच्या उपकेंद्राचंही नाही. हे त्यांनाच विचारून ठरवलं. "मन्हं नाव कसाले? पोरेसनं लिख," म्हणाल्या. माझं कशाला, पोरांचं नाव लिही. पण ज्या पोरांबद्दल हे सगळं आहे, त्यांतल्या एकालाही नाव मिळालेलं नव्हतं. तेवढा वेळच त्यांना मिळाला नाही. म्हणून सिस्टरच्या अर्ध्या नावावर काम भागवतो.

मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आकडे भरतो. कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग साहेबांची मर्जी असेल तर पुन्हा अकरा महिने. डोंगराकडच्या उपकेंद्रांतल्या सिस्टर महिनाभर वहीत लिहितात: गरोदर किती, बाळंत किती, लसी किती, मृत्यू किती. ते माझ्याकडे येतं, मी संगणकात भरतो, ते नंदुरबारला जातं आणि तिथून वर. वर म्हणजे कुठे, हे मी कधी पाहिलेलं नाही. वरून आमच्याकडे रंग यायचे. ज्या केंद्राचं काम चांगलं त्याला हिरवा, मधल्याला पिवळा, वाईट त्याला लाल. तो रंगीत तक्ता छापून मी साहेबांच्या टेबलावर ठेवायचो. साहेब म्हणजे तालुक्याचे डॉक्टर. त्यांचा दिवस कसा जाणार, हे त्या तक्त्यावर असायचं.

महिना संपला की पाच तारखेच्या आत सगळ्या सिस्टर सही करायला यायच्या. बाकीच्या उभ्या उभ्या सही करायच्या, जीप चुकेल म्हणून. विमल सिस्टर बसायच्या. खुर्चीवर नाही, दाराजवळच्या स्टुलावर. "तुन्ही खुर्ची फिरस," म्हणायच्या. "फिरता जागावर बशीसन मी आकडा सांगत नही."

पांढरी साडी आणि तिच्यावर बटणांचा पुरुषी, राखाडी स्वेटर. उन्हाळ्यातही तो खांद्यावर असायचाच, कारण त्याच्या खिशात दोन पेनं असायची, एक निळं, एक लाल. वही युरियाच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकात गुंडाळलेली. ती सोडायला दोन मिनिटं, मग चष्मा पुसायला एक. मग माझा छापील कागद घेऊन प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत वाचायच्या. बोट वहीवर, मग कागदावर, मग पुन्हा वहीवर. तोवर आमचा शिपाई तीनदा चहा विचारून जायचा.

"सिस्टर, तेच आहे हो. तुमचंच मी टाईप केलंय," मी म्हणायचो.

"मंग घाई कसानी? मन्हंच शे तं मी वाचस."

त्या नंदुरबारजवळच्या सपाटीच्या गावातल्या. घरची बोली अहिराणी. पण नोकरी सगळी डोंगरात गेल्यामुळे पाड्यांवरची कोकणी, समुद्राकाठची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची, अशी बोलायच्या की म्हाताऱ्या त्यांना आपल्यातलीच धरायच्या. माझ्याशी अहिराणी. साहेबांशीही बहुतेक वेळा अहिराणीच. त्या साहेबांशी शाळेतलं मराठी बोलायला लागल्या, की आम्ही समजायचो, भांडण सुरू झालं.

त्यांच्या वहीला सरकारने छापलेल्या रकान्यांपेक्षा एक रकाना जास्त होता. शेवटच्या उभ्या रेघेच्या पुढे, लाल पेनाने, पट्टी न धरता आखलेला. त्यावर एकच शब्द: रडलं.

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. मूल जन्मल्यावर रडलं, श्वास घेतला, आणि मग गेलं, तर तो बालमृत्यू. न रडताच आलं, तर तो उपजत मृत्यू. दोन्हींत आईची कूस रिकामी होते ती सारखीच. कार्यालयात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बालमृत्यू भरला की त्याची चौकशी लागते. डॉक्टरने त्या घरी जायचं, कारण शोधायचं, नंदुरबारच्या बैठकीत उभं राहून उत्तर द्यायचं. केंद्र लाल होतं. उपजत भरला की यातलं काही होत नाही. तक्ता हिरवा राहतो. सगळा फरक एका रडण्याचा. आणि ते ऐकणारं माणूस डोंगरात, कुठल्यातरी कुडाच्या घरात.

म्हणून सिस्टर घराघरात जाऊन विचारायच्या, रडलं का? किती वेळ? कोणी ऐकलं? आणि त्या रकान्यात लिहायच्या. मिनिटं क्वचितच असायची. 'भाकरी होईपर्यंत होतं.' 'ऊन ओट्यावर आलं तोवर.' असं.

एकदा सर्वेक्षणासाठी मी त्यांच्याबरोबर वरच्या पाड्यावर गेलो होतो. आमच्या पथकातल्या एकाने कागद काढून जेठीच्या सासूला विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं किती झाली?" जेठी म्हणजे त्या घरची सून, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. म्हातारी म्हणाली, तीन. त्याने तीन लिहिलं. सिस्टर तिच्या शेजारी टेकल्या, तिच्या हातातली शेंग घेऊन सोलू लागल्या आणि कोकणीत काहीतरी विचारलं. म्हातारी बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. मग तिने पूर्ण पंजा दाखवला.

उतरताना मी विचारलं, काय विचारलंत?

"इचारं, सुईण किती वखत उनी व्हती?" सुईण किती वेळा आली होती.

नाव ठेवण्याआधी गेलेलं मूल त्या घरांत मोजायचं नाही, अशी रीत आहे. मोजलं तर ते घराभोवती घुटमळत राहतं. मी म्हटलं, मग आपण तरी कशाला मोजायचं? त्यांची रीत आहे.

सिस्टर थांबल्या. चढ-उतारावर त्या कधी थांबत नसत. "त्या मोजतस नही, ते त्यासनं दुःख शे. आपन मोजं नही, तं ती कामचोरी शे."

दिवाळीनंतर पाड्यांवरची माणसं ऊस तोडायला गुजरातेत जातात. त्या दिवसांत सिस्टर सुट्टीच्या वारी खांडबाऱ्याच्या फलाटावर दिसायच्या. डोक्यावर बोचकी, काखेत कोंबडी, अशा गर्दीत शिरून पोटुशा बायकांच्या हातात कार्डं कोंबायच्या, मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यायच्या. होळीला माणसं परतली की पुन्हा फलाटावर. कोणाचं पोट उतरलंय आणि मांडी रिकामी आहे, ते बघायच्या. अशी एक नोंद त्यांनी आणली तेव्हा साहेब म्हणाले, "सिस्टर, हे गुजरातेत झालं. ते त्यांच्याकडे मोजतील."

"त्यासनी मोजं का?"

"ते आपल्याला कसं कळणार?"

तेव्हा त्या मराठीत आल्या. "साहेब, तिकडचे म्हणतात महाराष्ट्राचं, तुम्ही म्हणता गुजरातचं. मग ते मूल काय रेल्वेचं होतं?"

शिपाई हसला. मीही हसलो. साहेब हसले नाहीत, पण नोंद घेतली गेली. त्या वेळी.

आता माझं.

साहेबांनी मला 'आकडा बदला' असं कधीही म्हटलं नाही. हे मी त्यांना वाचवायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. ते एवढंच म्हणायचे, "एकदा खात्री करून घ्या. रडलं होतं का नक्की?" आणि माझ्याकडे बघत राहायचे. माझ्या कराराचे दोन महिने उरले होते. त्या पावसाळ्यात विमल सिस्टरच्या गावांत तीन बाळं गेली. तिसरी जेठीची मुलगी, पहिलटकरणीची. तिन्ही वेळा लाल रकान्यात लिहिलेलं होतं. जेठीच्या मुलीपुढे, 'रडली. सासूने दिवा विझवून चूल पेटवली तोवर होती.'

तिन्ही वेळा मी खात्री करून घेतली. म्हणजे कोणालाही काही न विचारता, संगणकात बालमृत्यूच्या चौकटीतून आकडा काढला आणि उपजतच्या चौकटीत टाकला.

पण सिस्टर बोट ठेवून वाचतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी दर महिन्याला दोन कागद छापले. एक त्यांच्यासाठी, वहीबरहुकूम. त्यावर त्यांनी सही केली. दुसरा वर गेला. त्यावर सही नव्हती, सहीची कोणी मागणीही केली नाही. पहिले तिन्ही कागद मी माझ्या कपाटात, जुन्या लसीकरणाच्या फायलीखाली ठेवले. फाडले का नाहीत, हे मला आजही सांगता येत नाही. चांगुलपणा नव्हता. घाबरट माणूस काही फाडतही नाही.

स्वतःला मी सांगितलं की हे सिस्टरसाठीच आहे. लाल झालं तर नोटीस त्यांनाच येईल, निवृत्तीला आलेली बाई आहे, कशाला त्रास. हे मी इतक्या वेळा सांगितलं की मला ते पटलंही. केंद्र हिरवं झालं. माझा करार वाढला. विमल सिस्टरला तालुक्याच्या बैठकीत गुलाबाचं फूल मिळालं. त्या ते हातात धरून माझ्याकडे आल्या, "हाई कसानं?" मी म्हटलं, चांगल्या कामाचं. त्यांनी ते शिपायाच्या पाण्याच्या बाटलीत खोचलं आणि जीप पकडायला गेल्या.

त्यांच्या केंद्राला एक गाडी होती. घाटाच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाखाली उभी असायची. बाळंतिणीला खाली आणायला तीच. गाडी मिळाली होती तीही सिस्टरच्याच वहीमुळे. आधीच्या वर्षांचे मृत्यू त्यांनी न लपवता लिहिले होते म्हणून. आता तीन महिने तिथे एकही बालमृत्यू नाही, असं तक्ता सांगत होता. नंदुरबारच्या बैठकीत ठरलं, गाडी जिथे गरज जास्त तिथे जावी. निर्णय चुकीचा नव्हता. तक्ता खोटा होता.

गाडी गेली त्या आठवड्यात सिस्टर आल्या. स्टुलावर बसल्या. "भाऊ, मन्ही गाडी काबर नेली?"

"वरून ठरलं, सिस्टर."

"वर कोनी सांगं?"

मी पुढच्या केंद्राचे आकडे भरायला घेतले.

वर्षभराने जेठीला पुन्हा दिवस भरले. दुपारची वेळ. नवापूरहून कोंबड्या पोचवून परतणारी एक पिकअप सिस्टरने रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. रिकाम्या जाळ्या एका बाजूला सारून जेठीला झोपवलं. उतारावरच बाळंत झाली, मुलगा. रडला, जोरात रडला. पिकअपवाल्यानेही ऐकलं, त्याने एक हात छातीशी नेऊन नमस्कार केला. मग बाळाचा रंग बदलायला लागला. सिस्टरने जे करता येतं ते सगळं केलं. पिशवीत होतं तेवढ्या सामानात, हलत्या गाडीत. केंद्राची गाडी असती तर तिच्यात ऑक्सिजन होता. खांडबाऱ्याचं रेल्वे फाटक बंद होतं, मालगाडी जात होती.

ती नोंद मी दुसऱ्या दिवशी वाचली. 'रडला. फाटकाशी आलो तेव्हा होता. फाटक उघडलं तेव्हा नव्हता.'

जेठी वाचली. तिला रुग्णालयात पोचवून, दुसऱ्या सकाळी सिस्टर तडक माझ्यासमोर. साडी तीच.

"मांगल्या पावसाळाना कागद दाखव. डब्बामा जे शे ते."

डब्बा म्हणजे संगणक. मी म्हटलं, "सर्व्हर बंद आहे, सिस्टर."

"कव्हय चालू व्हई?"

"सांगता येत नाही."

"बसस मी."

आणि बसल्या. सकाळी दहापासून. शेजारच्या टेबलावर सर्व्हर चालू होता, लोक येऊन कामं करून जात होते, ते त्यांना दिसत होतं. मला दिसत होतं की त्यांना दिसतंय. मी जेवायला उठलो नाही, कारण त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं. शिपायाने चहा आणला, त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "पी. सकायपासून काय खादं नही तू." पाच वाजता उठल्या, वही प्लास्टिकात गुंडाळली. "आज नही चालना तुन्हा सर्व्हर," एवढं म्हणून गेल्या.

पुढची आढावा बैठक नंदुरबारला. उपकेंद्राच्या सिस्टरला त्या बैठकीत बोलावत नाहीत. विमल सिस्टर न बोलावता आल्या आणि मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. आमच्या तालुक्याचा दोन वर्षांचा तक्ता पडद्यावर आला, हिरवागार, तेव्हा त्या पुढे आल्या. शाळेतल्या मराठीत बोलल्या.

"मागच्या पावसाळ्यात माझ्या गावांतली तीन बाळं रडून गेली. चौथं परवा फाटकाशी गेलं. पडद्यावर तीन दिसत नाहीत. मी वहीत गोष्टी लिहिते का, साहेब?"

कोणीतरी मोठे अधिकारी शांतपणे म्हणाले, "सिस्टर, अहवाल तुमच्या सहीनेच येतो ना?"

"मग सही दाखवा."

सभागृहात पंखे होते, माणसं होती, आणि माझ्या पायाशी माझी बॅग होती. त्या दिवशी मी ते तिन्ही कागद बॅगेत घालून आणले होते. का आणले, तेही मला माहीत नाही. हात घातला असता तर सही निघाली असती, आकड्यांसह.

त्या माझ्याकडे वळल्या. मराठी सुटलं. "भाऊ, तू सांग. रडनं का नही?"

मी म्हणालो, "तपासून सांगतो."

एवढंच. या दोन शब्दांनी मी आजवर पगार घेतला आहे.

परवानगीशिवाय बैठकीत आल्याबद्दल सिस्टरना नोटीस लागली. उत्तर त्यांनी एका ओळीत दिलं: 'मी आले होते, हे खरे आहे.' शेवटचं वर्ष त्यांना दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर काढावं लागलं. तिथेही लाल रकाना आखला, असं ऐकलं. निवृत्त झाल्या त्या दिवशी आमच्याकडे कोणी हार आणला नव्हता.

मी आणखी दोन करार काढले. मग एकदा एका नव्या सिस्टरने फोनवर मला विचारलं, "सर, बाळ रडलंय. काय लिहू?" वहीत काय लिहायचं, हे ती मला विचारत होती. तिला कोणीतरी सांगितलं असेल की आधी तालुक्याला विचार. मी फोन ठेवला. लसीकरणाच्या फायली काढल्या. कागद होते.

त्या तीन सह्यांसह मी एक पत्र लिहिलं. कोणत्या महिन्यात, कोणत्या चौकटीतून कोणत्या चौकटीत, कोणाच्या हाताने. त्यामुळे गाडी गेली आणि फाटकाशी चौथं गेलं, तेही. आणि ते घेऊन, नंदुरबारला द्यायच्या आधी, सिस्टरच्या गावी गेलो.

त्यांच्या भावाची मिरचीची पथारी आहे. नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली, आणि त्यात स्वेटर घातलेली एक लहानशी बाई लाकडी दाताळ्याने ती उलटवत होती. मला बघून दाताळं टेकवलं नाही. "ये. बठ," म्हणाल्या, पण बसायला तिथे काही नव्हतं. मी पत्र पुढे केलं.

चष्मा पुसला. बोट ठेवलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. दोन कागदांची ओळ आली तिथे बोट थांबलं. मला वाटलं आता काहीतरी होईल. बोट पुढे सरकलं. खाली मी लिहिलं होतं, 'अशा प्रकारे माझ्याकडून चूक झाली.'

"चूक?" त्या म्हणाल्या. "चूक हिशोब करताना व्हस. हाई तू करं."

खिशातून लाल पेन काढून दिलं. मी गुडघ्यावर कागद ठेवून ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'हे मी केलं.' मग जमेल तसं माफीचं बोलायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"मले नको. वरला पाडावर जाय. जेठीले सांग. ती जे बोलस ते ऐकी ये."

"ऐकतो, सिस्टर."

"गाडी येई का परत?"

"माहीत नाही."

"मंग तेबी लिख खाले. गाडी मांग." मी लिहिलं: गाडी परत द्यावी.

त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, यावेळी ओठ हलवत. चारही नोंदींपाशी थांबून, मान न उचलता, "रडनं. रडनं. रडनी. रडना." मग घडी घालून माझ्या हातात दिलं, पेन परत खिशात ठेवलं, दाताळं उचललं आणि मिरचीत शिरल्या. मी रस्त्याला लागलो तेव्हा मागून हाक आली.

"भाऊ! साफ छापशी ना आते?"

"छापतो!"

"किती?"

मी वळून बघितलं. लालभडक पथारीच्या मधोमध त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या. उत्तर ऐकायला हात तेवढा थांबवलेला.

"एकच, सिस्टर," मी ओरडून सांगितलं.

दाताळं पुन्हा चालू झालं.